खलनायक खरोखर सुटला का? निकाल लिहिण्याची पायरीवार रीत

आमचे वाचनमंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका सभासदाच्या घरी जमते. तिथे जाड पुठ्ठ्याची एक वही ठेवलेली असते आणि तिच्या पहिल्या पानावर ‘शिक्षेवाचून सुटलेले खलनायक’ असे लिहिलेले आहे. कादंबरी, नाटक, चित्रपट किंवा पुराणकथा यांत असे पात्र आढळले की सभासदाने वहीत नोंद करायची आणि पुढच्या बैठकीत ती सर्वांसमोर तपासायची, असा शिरस्ता आहे. या वहीतल्या इतक्या नोंदी आजवर खोडाव्या लागल्या की दोष नोंदवणाऱ्यांचा कमी आणि रीत ठरलेली नसल्याचा जास्त, हे आम्हाला मान्य करावे लागले. कोणी ‘शेवटी जिवंत आहे’ म्हणून सुटला असे लिहितो, कोणी ‘तुरुंगात गेला नाही’ म्हणून. आणि उलट बाजूने, खलनायकाचा पाय मोडला तरी ‘मिळाले त्याला त्याच्या कर्माचे फळ’ असे म्हणून नोंद बाद करणारेही आहेत. खालील रीत या चुका टाळण्यासाठी आहे. ती सांगताना अनेक कथांचे शेवट उघड करावे लागले आहेत, याची वाचकांनी आधीच नोंद घ्यावी.

तयारी

नोंद करण्यापूर्वी तीन गोष्टी हाताशी हव्यात: मूळ कृतीची प्रत, पेन्सिल आणि आखलेले पान. प्रतीच्या बाबतीत आळस करू नये. आठवणीतून लिहिलेल्या नोंदींपैकी फार थोड्या टिकतात, कारण माणसाला खलनायकाचे कृत्य स्पष्ट आठवते आणि त्याच्यावर पुढे काय गुदरले ते पुसट होते. आमचे बहुतेक सभासद सार्वजनिक वाचनालयातून, म्हणजे आमच्या बोलीत ‘सावाना’तून, पुस्तक आणतात आणि नोंद होईपर्यंत परत करत नाहीत, हे ग्रंथपालांच्या नजरेतून सुटलेले नाही.

पानावर पाच रकाने आखावेत: कृत्य, ते कोणावर केले, नंतर करणाऱ्याला बसलेली झळ, ती झळ कशामुळे, आणि निकाल. पहिले चार रकाने शाईने भरावेत, पाचवा पेन्सिलने.

रकाने भरण्याआधी शिक्षा कशाला म्हणायचे ते पक्के करावे. आम्ही ठरवलेली व्याख्या अशी: कृत्यानंतर, त्या कृत्यामुळे, करणाऱ्याच्याच वाट्याला आलेली आणि कथेत दाखवलेली झळ म्हणजे शिक्षा. ‘नंतर’, ‘मुळे’, ‘त्याच्याच’ आणि ‘दाखवलेली’ या चार शब्दांपैकी एकही गळाला की निकाल चुकतो. झळ पुरेशी होती का, हा प्रश्न या व्याख्येत मुद्दाम घेतलेला नाही. तो वेगळा आहे आणि शेवटी येतो. सुरुवातीलाच तो घेतला की बैठकीतला प्रत्येक जण न्यायाधीश होतो आणि चहा गार होतो.

टप्पा १ : कोणत्या संहितेबद्दल बोलतो आहोत ते लिहावे

एकाच कथेच्या दोन रूपांत एकच खलनायक एकदा सुटतो आणि एकदा सापडतो. ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ले’ ही पॅट्रिशिया हायस्मिथ यांची कादंबरी १९५५ ची. तीत टॉम रिप्ले खून करून, मेलेल्या माणसाचे नाव वापरून आणि त्याचे खोटे मृत्युपत्र तयार करून त्याचा वारसाही मिळवतो. याच कादंबरीवरच्या १९६० च्या फ्रेंच चित्रपटात शेवटी बोटीला अडकलेले प्रेत पाण्याबाहेर येते आणि तो सापडणार हे प्रेक्षकाला कळते. ‘रिप्ले सुटतो’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. ‘कादंबरीतला रिप्ले’ असे लिहावे.

आपल्याकडचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण ‘शोले’चे आहे. आधी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर गब्बरला पायांनी तुडवून ठार मारतो. सेन्सॉरच्या आक्षेपानंतर शेवट बदलला आणि १९७५ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटात पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात. दोन्ही शेवटांत शिक्षा आहे, पण रकान्यात लिहायचा मजकूर अगदी वेगळा आहे: एकीकडे सूड, दुसरीकडे अटक.

*इशारा :* शेवट लेखकाने निवडला की बाहेरच्या नियमाने लादला, याचा निकालाशी संबंध नाही. अमेरिकन चित्रपटांवर १९३४ ते १९६८ या काळात जी आचारसंहिता लागू होती, तिच्यानुसार गुन्हेगार फायद्यात राहिलेला दाखवता येत नसे. म्हणून ‘द बॅड सीड’ या १९५४ च्या कादंबरीत वाचणारी खुनी मुलगी १९५६ च्या चित्रपटात वीज पडून मरते. ‘हा खरा शेवट नव्हे’ असे म्हणून चित्रपटाची नोंद कादंबरीप्रमाणे करू नये. दोन ओळी कराव्यात.

टप्पा २ : माणसाची नव्हे, कृत्याची ओळ करावी

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून या टप्प्यावर थोडे थांबतो.

आपण विचारतो, ‘अमुक खलनायक सुटला का?’ प्रश्न असा विचारला की उत्तर जवळजवळ नेहमी चुकते, कारण एका माणसाची कृत्ये अनेक असतात आणि त्यांतले एक फेडले गेले म्हणून दुसरे फेडले जात नाही. प्रत्येक कृत्याची स्वतंत्र ओळ करावी.

महाभारतातील सौप्तिकपर्व या सरावासाठी उत्तम आहे. अठराव्या दिवसाच्या रात्री अश्वत्थामा, कृपाचार्य आणि कृतवर्मा हे तिघे पांडवांच्या छावणीवर जातात. अश्वत्थामा आत शिरून झोपलेल्या धृष्टद्युम्नाला आणि द्रौपदीच्या पाचही पुत्रांना मारतो. कृप आणि कृतवर्मा दाराशी उभे राहून पळून येणाऱ्यांना कापतात आणि छावणीला आग लावतात. आमच्या वहीत एका सभासदाने पूर्वी एकच ओळ लिहिली होती: ‘अश्वत्थामा, शाप, सुटला नाही.’ ओळ खोटी नव्हती, पण तिच्यात दोन चुका दडलेल्या होत्या.

पहिली अशी की अश्वत्थाम्याची कृत्ये दोन आहेत. झोपलेल्यांची हत्या हे एक, आणि गाठला गेल्यावर अभिमन्यूची पत्नी उत्तरा हिच्या गर्भावर अस्त्र सोडणे हे दुसरे. द्रौपदीने मागितलेला आणि त्याच्या मस्तकावरून काढून घेतलेला मणी हा पहिल्याचा हिशेब आहे. तीन हजार वर्षे एकट्याने, रक्तपुवाचा दर्प अंगावर वागवत भटकण्याचा श्रीकृष्णाचा शाप हा दुसऱ्याचा. शाप सर्वांना आठवतो आणि तो हत्याकांडाबद्दल होता असे सर्व जण गृहीत धरतात. पान उघडून पाहिले की शाप बालहत्येच्या संदर्भात दिलेला दिसतो. म्हणजे पाच पुत्रांच्या आणि इतर अनेकांच्या हत्येबद्दल त्याला मिळालेली शिक्षा म्हणजे एक मणी. या दोन ओळी वेगवेगळ्या लिहिल्या तेव्हा आमच्या बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

दुसरी चूक मोठी होती. त्या एका ओळीत दाराशी उभे असलेले दोघे गळून गेले होते. त्यांचे काय झाले ते पुढच्या टप्प्यांत येईल.

इथेच ‘खलनायक कोणाला म्हणायचे’ हा वाद निघतो आणि त्यात वेळ जातो. कृपाचार्य कोणाच्याही यादीत खलनायक नाहीत. त्यांनी तर आधी अश्वत्थाम्याला झोपलेल्यांवर हल्ला करू नकोस, सकाळपर्यंत थांब, असे समजावले होते. तरीही ते गेले आणि दाराशी उभे राहिले. माझे मत असे आहे की नोंद करताना ‘खलनायक’ ही पदवी बाजूला ठेवावी. कथेनेच वाईट ठरवलेले कृत्य ज्याने केले, तो नोंदीस पात्र.

*तपासणी :* ओळ वाचताना कृत्याच्या जागी विशेषण आले आहे का ते पाहावे. ‘कपटी’, ‘क्रूर’, ‘लबाड’ ही कृत्ये नव्हेत. ‘खोटे मृत्युपत्र लिहिले’ हे कृत्य आहे.

टप्पा ३ : आधी काय, नंतर काय

नाशिककरांना यासाठी लांब जावे लागत नाही. पंचवटीत सीतागुंफेच्या रांगेत उभे असताना बाहेरगावच्या पाहुण्यांना आपण सांगतो की इथे शूर्पणखेचे नाक कापले म्हणून गावाचे नाव नाशिक, आणि सांगताना सूर असा असतो की तिचा हिशेब तिथेच मिटला. वाल्मीकि-रामायणातला क्रम वेगळा आहे. ती सीतेवर धावून जाते, लक्ष्मण तिचे नाक आणि कान कापतो. त्यानंतर ती आपला भाऊ खर याच्याकडे जाते, खर चौदा हजार राक्षसांसह मारला जातो, आणि त्याही नंतर ती लंकेत जाऊन रावणापुढे सीतेच्या रूपाचे वर्णन करते आणि ‘तुझ्यासाठी तिला आणायला गेले तेव्हा माझी ही दशा झाली’ असे धडधडीत खोटे सांगते.

आता ओळी दोन झाल्या. सीतेवर धावून जाणे: शिक्षा झाली, लगेच झाली. रावणाला खोटे सांगून चिथावणे: नाक त्याच्या आधीच कापलेले होते. आधी बसलेली झळ नंतरच्या कृत्याची शिक्षा होऊ शकत नाही. उलट या कथेत ती त्या कृत्याचे कारण आहे. दुसऱ्या ओळीपुढे तिसऱ्या रकान्यात काय लिहायचे, यावर आमच्याकडे दोन बैठका झाल्या. युद्धकांडात लंकेतल्या राक्षसी विलाप करताना या सर्वनाशाबद्दल शूर्पणखेला दोष देतात, हे एका सभासद बाईंनी दाखवून दिले. पण तो दोष तिच्या कानावर पडल्याचे तिथे दिसत नाही. भाऊ गेले ही झळ खरी आहे, परंतु ती सगळ्या लंकेला बसली. ही ओळ अजून पेन्सिलने लिहिलेली आहे.

टप्पा ४ : झळ ‘मुळे’ आहे की फक्त ‘नंतर’ आहे

नंतर आले म्हणजे त्यामुळे आले असे नव्हे. हे तर्कशास्त्रात सर्वांना पटते आणि कथेत सर्व जण विसरतात.

‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ या चित्रपटातला शिगर अनेक खून करून शेवटच्या भागात गाडीने जात असताना दुसरी गाडी त्याला येऊन धडकते. हाताचे हाड कातडीबाहेर येते. तो तिथल्या एका मुलाकडून अंगातला शर्ट विकत घेतो, त्याची झोळी करून हात अडकवतो आणि पोलीस येण्याआधी निघून जातो. आमच्या वहीत ही नोंद ‘शिक्षा झाली’ अशी आली होती. तपासताना एकच प्रश्न विचारला: त्याने एकही खून केला नसता आणि त्याच वेळी त्या चौकातून गेला असता, तर हात मोडला असता का? मोडला असता. ती गाडी त्याच्या कुठल्याही कृत्यामुळे तिथे आलेली नव्हती. नोंद बदलली.

आता याच प्रश्नाने वर सांगितलेली ‘द बॅड सीड’मधली वीज तपासावी. वीजही अपघातच, पण ती मुलगी वादळात धक्क्यावर का गेली होती? ज्या पदकासाठी तिने वर्गातल्या मुलाला मारले, ते पाण्यातून काढायला. कृत्य नसते तर ती त्या रात्री तिथे नसती. इथे ‘मुळे’चा धागा सापडतो, बारीक असला तरी सापडतो. दैवी न्याय आणि निव्वळ योगायोग यांतला फरक बऱ्याचदा इतकाच असतो की पात्र त्या जागी का उभे होते.

आणि कृतवर्मा. युद्धानंतर तो सुखरूप द्वारकेला परततो. जो वाचक स्त्रीपर्वापाशी थांबला, तो ‘सुटला’ असे लिहून मोकळा होईल. छत्तीस वर्षांनंतर, मौसलपर्वात, प्रभासक्षेत्री मद्यपानाच्या बैठकीत पांडवांच्या बाजूने लढलेला सात्यकी त्याला झोपलेल्यांना मारल्याबद्दल सर्वांसमोर हिणवतो; कृतवर्मा उलट बोलतो, जुनी भांडणे निघतात, आणि द्रौपदीच्या पुत्रांचे नाव घेत सात्यकी त्याचे मस्तक उडवतो. यादव सगळेच त्या दिवशी संपतात आणि ते गांधारीच्या शापाने ठरलेलेच होते, असा आक्षेप इथे घेता येतो. तो विचारात घ्यावा, पण पहिले मस्तक कोणाचे पडले आणि कोणते शब्द बोलून पाडले, हे पाहावे. कवीने कारण स्वतःच सांगितलेले असताना आपण दुसरे शोधू नये.

*इशारा :* ‘कर्माचे फळ’ हा शब्द चौथ्या रकान्यात लिहू नये. तो लिहिला की शोध थांबतो.

टप्पा ५ : कोणाच्या वाट्याला आली

काही कथांत शिक्षा होते, जोरात होते, सर्वांसमोर होते. फक्त भलत्याला होते. प्रेक्षकाच्या मनात हिशेब मिटल्याची भावना निर्माण होते आणि नोंद तिथे फसते.

‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) हे नाटक पाहून घरी जाणाऱ्याला घाशीरामाचा भीषण शेवट आठवतो. घाशीरामाच्या अत्याचारांच्या ओळीपुढे शिक्षा निःसंशय लिहावी. पण त्याला कोतवाली दिली कोणी, आणि कशाच्या बदल्यात? नाटकातला नाना त्याची कोवळी मुलगी घेतो, कोतवाली देतो, आणि लोक खवळले की त्याच घाशीरामाला जमावाच्या हवाली करून वर उत्सवाची घोषणा करतो. नानाच्या दोन्ही ओळींपुढे तिसरा रकाना रिकामा राहतो. (नाटकातला नाना आणि इतिहासातला नाना यांची सरमिसळ नोंदीत होऊ देऊ नये; आपण रंगमंचावरच्या पात्राचा हिशेब करतो आहोत.)

‘जाने भी दो यारो’ (१९८३) मध्ये हा प्रकार आणखी उघड आहे. पूल कोसळतो, बिल्डर आणि अधिकारी आपसात जुळवून घेतात आणि पुरावा गोळा करणारे दोघे छायाचित्रकार शेवटी कैद्यांच्या कपड्यांत दिसतात. इथे चूक होत नाही, कारण चित्रपट ती होऊ देत नाही.

सर्वांत जास्त सुटतो तो मात्र जो समोरच येत नाही. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये खटला बेणारे बाईंवर चालतो. ज्यांच्यापासून त्यांना दिवस गेले ते प्राध्यापक दामले संपूर्ण नाटकात रंगमंचावर पाऊल ठेवत नाहीत; त्यांच्यावर आरोप ठेवावा असे त्या खोट्या न्यायालयातल्या कोणाला वाटतही नाही. आमच्या वहीत या नाटकाच्या नोंदी बऱ्याच होत्या, काशीकरांच्या, सुखात्म्यांच्या, इतरांच्या. दामल्यांची नव्हती. ज्या पात्राचे नाव नोंदवायला आपणही विसरलो, तेच सर्वांत पक्के सुटलेले असण्याची शक्यता असते, म्हणून पान पुरे झाले की एकदा पात्रपरिचयाबाहेरची नावे शोधावीत.

*तपासणी :* शिक्षा भोगणाऱ्याचे नाव आणि कृत्य करणाऱ्याचे नाव रकान्यात शेजारी शेजारी लिहून पाहावे. नावे जुळत नसतील तर पुढे जाऊ नये.

टप्पा ६ : मनातली शिक्षा

‘त्याला आतून टोचत राहिले असेल’ हे वाक्य आमच्या बैठकीत बंद केले आहे. ‘असेल’ हे क्रियापद वाचकाचे असते, कथेचे नव्हे. पश्चात्ताप, भीती, झोप उडणे, एकटेपणा हे सर्व शिक्षेत धरता येते, मात्र ते पानावर दाखवलेले हवे आणि ते कृत्याशी बांधलेले हवे.

कादंबरीतला रिप्ले पुन्हा पाहू. सगळे त्याच्या मनासारखे झालेले असताना, शेवटच्या पानांवर, यापुढे प्रत्येक बंदरावर आपल्याला पोलीसच वाट पाहत उभे दिसणार का, अशी शंका त्याच्या मनात येते. ही भीती पानावर आहे आणि ती कृत्यामुळे आहे. म्हणून तिसरा रकाना रिकामा ठेवता येत नाही, तिथे ‘धास्ती’ लिहावे लागते. ती क्षणात झटकून तो पुढे निघतो, हेही त्याच रकान्यात लिहावे. मी स्वतः एवढ्या धास्तीला शिक्षा म्हणत नाही. मंडळातले काही म्हणतात.

धृतराष्ट्राची नोंद याहून अवघड नाही, जरी तसे वाटते. पुत्रमोहाने त्याने जे होऊ दिले त्याचा हिशेब शंभर पुत्रांच्या मृत्यूने झाला असे म्हणून बहुतेक जण थांबतात. आश्रमवासिकपर्व वाचले तर कळते की त्यानंतर पंधरा वर्षे तो युधिष्ठिराच्याच घरी राहिला, युधिष्ठिर त्याचा मान ठेवत होता आणि भीम त्याला ऐकू जाईल असे दंड थोपटून आपण याच हातांनी त्याच्या मुलांना कसे मारले ते बोलत असे. म्हातारा शेवटी वनात निघून गेला. ज्यांच्यावर अन्याय केला त्यांचे अन्न पंधरा वर्षे खाणे ही झळ पानावर लिहिलेली आहे, कृत्याशी बांधलेली आहे आणि त्याच्याच वाट्याची आहे. इथे ‘असेल’ म्हणायची गरजच पडत नाही.

टप्पा ७ : कथा कुठे थांबते

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मधला इयागो पकडला जातो, यापुढे एक शब्दही बोलणार नाही असे सांगतो, त्याच्या छळाचा हुकूम होतो आणि पडदा पडतो. शिक्षा दिसत नाही. देवलांनी १८९० साली केलेले ‘झुंझारराव’ हे रूपांतर वाचणाऱ्यांनी त्याची स्वतंत्र ओळ करावी, हे टप्पा १ मध्ये आलेच. आमचा नियम असा: अधिकार असलेल्या माणसाने शिक्षा ठरवली, गुन्हेगार हाती आहे आणि तो निसटेल अशी कोणतीही खूण कथेत नाही, तर शिक्षा झाली असे धरावे. तीनपैकी एक अट कमी पडली तर ‘ठरली, पाहिली नाही’ असे लिहावे. गब्बरची अटक या नियमाने पहिल्या प्रकारात जाते. तो आधी तुरुंगातून पळालेला आहे म्हणून दुसऱ्या प्रकारात घालावी असे सुचवणारा सभासद आमच्याकडे आहे आणि त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

पुढचे भाग निघाले तर नोंद त्या भागापुरती ठेवून तारखेसह नवी ओळ जोडावी. जुनी खोडू नये.

टप्पा ८ : निकालाचा शब्द निवडावा

‘सुटला’ हा एकच शब्द सगळीकडे वापरल्यामुळे वहीतले निम्मे वाद झाले. मराठीत यासाठी शब्दांची वाण नाही आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. आम्ही ते असे वापरतो.

‘निसटला’ म्हणजे पाठलाग होता, ओळख पटलेली होती, हाती लागला नाही. शिगर निसटला.

‘नामानिराळा राहिला’ म्हणजे कृत्य उघडकीस आले, पण त्याचे नाव त्यात आलेच नाही किंवा त्याने येऊ दिले नाही. नाना आणि दामले इथे येतात, जरी दोघांची रीत निराळी आहे: एकाने दुसऱ्याला पुढे केले, दुसऱ्याला काहीच करावे लागले नाही.

‘सुटला’ हा शब्द आम्ही आता फक्त पकडला जाऊन, चौकशी होऊन मोकळा झालेल्यासाठी ठेवला आहे.

‘स्वस्तात सुटला’ म्हणजे शिक्षा झाली, पण कृत्याच्या मानाने किरकोळ. पुरेपणाचा प्रश्न इथे, आणि इथेच, घ्यावा. मण्याची ओळ आम्ही या शब्दाखाली घातली आहे.

‘पचवले’ हा सर्वांत कडक शब्द. कृत्य झाले, सर्वांना माहीत होते, करणारा तिथेच राहिला, आणि त्याच्या मानमरातबात काही कमी झाले नाही. वहीत हा शब्द लिहिण्यापूर्वी मागचे सातही टप्पे पुन्हा करावेत, कारण खरोखर शिक्षेवाचून राहणे ते हेच.

दाराशी उभ्या असलेल्या दोघांतला दुसरा माणूस इथे येतो. कृपाचार्य युद्धानंतर हस्तिनापुरास परततात. पांडव महाप्रस्थानाला निघताना युधिष्ठिर त्यांचा सन्मान करतो आणि परीक्षिताला शिष्य म्हणून त्यांच्या हाती देतो. परीक्षित म्हणजे उत्तरेच्या त्याच गर्भातले मूल, ज्याच्यावर अस्त्र सोडल्याबद्दल त्यांच्या भाच्याला, अश्वत्थाम्याला, शाप मिळाला होता. एकच रात्र, एकच छावणी आणि तीन माणसे; एक भटकतो, एकाचे मस्तक उडते आणि एकाला राजगुरूचे आसन मिळते. कृपांनी आधी विरोध केला होता, हे लक्षात घेऊनही पाचव्या रकान्यात आम्ही ‘पचवले’ लिहिले आहे.

*इशारा :* पात्र आवडते आहे म्हणून सौम्य शब्द निवडू नये. नावडते आहे म्हणून कडकही नाही. शब्द रकान्यांतून निघाला पाहिजे.

टप्पा ९ : ओळ दुसऱ्याच्या हाती द्यावी

ज्याने ती कथा वाचलेली नाही अशा माणसाला फक्त पहिले चार रकाने वाचायला द्यावेत. पाचव्यावर कागद ठेवावा. त्याने स्वतःहून तोच शब्द सुचवला तर पेन्सिलवर शाई फिरवावी. त्याने वेगळा सुचवला तर चूक त्याची नसते, आपल्या चार रकान्यांत काहीतरी राहिलेले असते. मूळ प्रत पुन्हा उघडावी.

कृपाचार्यांची ओळ आम्ही अशी तीन जणांना दिली. दोघांनी ‘पचवले’ म्हटले. तिसऱ्या, महाभारत अजिबात न वाचलेल्या, अकरावीतल्या मुलीने विचारले की युधिष्ठिराला त्या रात्री दाराशी कोण उभे होते ते माहीत होते का, आणि आमच्या चारही रकान्यांत त्याचे उत्तर नव्हते. प्रत उघडली. सौप्तिकपर्वातच धृष्टद्युम्नाचा सारथी त्या रात्रीतून वाचून युधिष्ठिराकडे जातो आणि झाला प्रकार सांगताना कृतवर्मा आणि कृप या दोघांची नावे घेतो. ते तिसऱ्या रकान्याशेजारच्या समासात लिहिले आणि मग शाई फिरवली.